अंड्याची टरफलं परत कोंबडीलाच घालायची का? घाला, पण आधी हिशोब समजून घ्या

ज्यांच्या दारात चार-सहा कोंबड्या आहेत त्यांच्या घरात हा विषय कधी ना कधी निघतोच. रोज ऑम्लेट, भुर्जी, उकडलेली अंडी होतात, टरफलं कचऱ्यात जातात, आणि तिकडे खाद्याच्या दुकानात कॅल्शियमची बाटली घ्या म्हणून सांगतात, मग हीच टरफलं कोंबड्यांना घातली तर काय बिघडलं? काहीच बिघडत नाही. टरफल म्हणजे चांगल्या प्रतीचं कॅल्शियम आहे आणि ते फेकून देणं खरंच चुकीचं आहे. पण "चुरा करून टाका, झालं" एवढ्यावर जे लोक थांबतात त्यांची थोडी गडबड होते, कारण ते कोणत्या आकाराचं द्यायचं, दिवसाच्या कोणत्या वेळी द्यायचं, कोणाला अजिबात द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे नुसत्या टरफलांवर भागतं का, याचा विचार कोणी करत नाही. तेच इथं जरा सविस्तर सांगते.

आधी टरफलात असतं काय ते बघू. वजनानं जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. शहाबादी फरशी, संगमरवर, समुद्रातले शिंपले, चुनखडीचा दगड, हे सगळं मुळात तेच. त्यातलं निव्वळ कॅल्शियम काढलं तर टरफलाच्या वजनाच्या साधारण ३८ टक्के भरतं. बाजारातलं पांढरं अंडं ५५-६० ग्रॅमचं असतं, त्याचं वाळलेलं टरफल ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम झालं २ ग्रॅम किंवा थोडं जास्त. गावरान अंडं लहान, ४०-४५ ग्रॅमचं, त्याचं टरफल ४ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम दीड ग्रॅम धरा. दोन ग्रॅम म्हणजे ऐकायला काहीच वाटत नाही पण फार्मवरच्या कोंबडीच्या अख्ख्या शरीरात, हाडांसकट, सगळं मिळून २० ग्रॅमच्या आसपासच कॅल्शियम असतं! एका अंड्यामागे ती शरीरातल्या कॅल्शियमचा दहावा भाग बाहेर टाकते आणि दुसऱ्या दिवशी परत तेवढंच टाकते. गाय-म्हैस व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून बसते हे आपल्याकडे शेतकऱ्याला माहीत असतं, सलाईन लावावं लागतं वगैरे, पण कोंबडीचं हे रोजचं आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता हे टरफल तयार कधी होतं? बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले २० तास तरी अंडं गर्भाशयाच्या भागात थांबून त्याच्यावर टरफल चढत असतं. बहुतेक कोंबड्या सकाळी ते दुपारपर्यंत अंडं देतात, म्हणजे पुढच्या अंड्यावर टरफल चढायचं जोरदार काम संध्याकाळनंतर रात्रभर चालतं. आणि रात्री कोंबडी काय करते, तर खुराड्यात दांडीवर बसून झोपते, अंधारात ती दाणा टिपत नाही. म्हणजे गरज रात्री आणि खाणं दिवसा. सगळी गोम इथंच आहे, पुढं जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं याच एका गोष्टीतून निघतं.

निसर्गानं यावर एक सोय केलेली आहे. तलंग, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेली तरुण कोंबडी, अंड्यावर यायच्या साधारण दोन आठवडे आधी तिच्या मांडीच्या वगैरे लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळंच, मऊ जाळीदार हाड तयार व्हायला लागतं. ते वजन पेलायला नसतंच, ते फक्त कॅल्शियम साठवायला असतं, घरातल्या कणगीसारखं, दिवसा भरायचं आणि रात्री काढायचं. हे हाड फक्त माद्यांमध्ये आणि अंडी द्यायच्या काळातच असतं. (२००५ मध्ये संशोधकांना टायरॅनोसॉरस रेक्स डायनासोरच्या मांडीच्या हाडात अशाच प्रकारचा थर सापडला आणि त्यावरून ती अंड्यावर आलेली मादी होती असं त्यांनी सांगितलं. आपल्या अंगणातल्या कोंबडीचं नातं कुठवर जातं बघा!) पण दिवसा खाण्यातून भरणा कमी झाला की हा साठा संपत येतो आणि मग शरीर खऱ्या, वजन पेलणाऱ्या हाडांना हात घालतं. टरफल पातळ होतं हे आपल्याला दिसतं, हाडं पोकळ होत चाललीत हे दिसत नाही. कोंबडी एक दिवस पाय पसरून बसते, उठत नाही, किंवा तिचं अंडं अडकतं, कारण अंडं बाहेर ढकलायला स्नायू आवळावे लागतात आणि त्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतंच. लोक म्हणतात काल तर बरी होती, एकदम काय झालं. एकदम काही झालेलं नसतं, महिनोनमहिने हाडातून उसनं काढणं चाललेलं असतं.

मग एक प्रश्न हमखास येतो. आमच्या आजीनं कधी कोंबडीला कॅल्शियम घातलं नाही, तिच्या कोंबड्या काय मेल्या का? बरोबर आहे, नाही मेल्या. पण आजीची कोंबडी गावरान होती, वर्षाला ६०-८० अंडी द्यायची, तीही सलग नाही, बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसायची, मग पिल्लं सांभाळायची, मधे पिसं झडायची. शरीराला भरून यायला भरपूर वेळ मिळायचा. शिवाय दिवसभर उकिरडा उकरायची, गोगलगायी, किडे, माती, खडे, जुन्या चुन्याच्या भिंतीची पापडी, काय काय टिपायची. आता आपण त्याच अंगणात गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) असली सुधारित जात आणतो. ग्रामप्रियाकडून लोकांची अपेक्षा वर्षाला दीडशेच्या वर अंडी मिळावीत अशी असते, फार्मवरची पांढरी कोंबडी तर तीनशेच्या वर देते. वर परत कुत्र्या-मांजराच्या भीतीनं तिला जाळीच्या आत कोंडतो, आणि खायला देतो काय तर तांदळाची कणी, ज्वारी, उरलेली पोळी-भाकरी. अंडी दुप्पट-तिप्पट मागायची आणि उकिरडा बंद करायचा, इथं गणित बिघडतं.

धान्यात कॅल्शियम किती असतं ते बघा म्हणजे पटेल. १०० ग्रॅम तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅम. मक्यातही तसंच नगण्य. ज्वारीत २५-३०. आपल्याकडे कॅल्शियमसाठी नाचणी नावाजलेली आहे, आणि खरंच आहे, नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. पण रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला हवं असतं साडेतीन ते चार ग्रॅम, म्हणजे ३५०० ते ४००० मिलिग्रॅम! ती दिवसभरात १०० ग्रॅमच्या आसपास दाणा खाते, सगळाच्या सगळा नाचणीचा दिला तरी गरजेच्या दहाव्या हिश्शाच्या पुढं जात नाही. म्हणून लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, कंपन्या साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम घालतात, त्याच्यासाठी चुनखडीची पावडर आणि शेल ग्रिट म्हणजे शिंपल्यांचा चुरा वापरतात. तुम्ही कोंबड्यांना पूर्णपणे चांगलं लेयर खाद्यच देत असाल तर टरफलाची तशी गरज नाही, बाजूला ठेवलं तर कधीमधी टिपतील एवढंच. पण बहुतेक घरी असं नसतं, अर्ध खाद्य, अर्ध धान्य, वर स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं असतं, आणि धान्य जितकं वाढेल तितकं खाद्यातलं कॅल्शियम पातळ होत जातं.

आता मुख्य हिशोब. मला या विषयावर सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं. लोकांना वाटतं कोंबडीनं एक अंडं दिलं, आपण अंडं खाल्लं, टरफल तिला परत दिलं, म्हणजे फिट्टंफाट, वर्तुळ पूर्ण. तसं होत नाही. कोंबडी जे कॅल्शियम खाते त्यातलं साधारण निम्मं ते साठ टक्केच तिच्या अंगी लागतं, बाकीचं विष्ठेतून निघून जातं. म्हणजे २ ग्रॅमचं टरफल बनवायला तिला ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जावं लागतं, आणि तिच्या स्वतःच्या टरफलात आहे २ ग्रॅम. एका अंड्याला दोन टरफलं! घरातली सगळी अंडी घरातच खाल्ली, एकही टरफल वाया घालवलं नाही, तरी नुसत्या धान्यावरच्या कोंबडीची निम्मीच गरज भागते, आणि अंडी विकत असाल तर टरफलं गिऱ्हाईकाच्या घरी जातात म्हणजे आणखी कमी. एक दिवसाआड अंडं देणारी गावरान असेल आणि ती मोकळी फिरत असेल तर तिच्या स्वतःच्या टरफलांत बऱ्यापैकी निभावतं, पण सुधारित जातीची, कोंडलेली कोंबडी असेल तर बाकीचं निम्मं कुठून तरी आणायलाच पाहिजे.

कुठून आणायचं? किनाऱ्यावरच्या लोकांचं सोपं आहे. कोकणात, गोव्यात तिसऱ्या, खुबे, कालवं खाल्ली की घरामागे शिंपल्यांचा ढीग पडतो, ते शिंपले म्हणजे पण कॅल्शियम कार्बोनेटच, आणि जाड असल्यामुळे कोंबडीच्या पोटात टरफलापेक्षा जास्त वेळ टिकतात. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवून मीठ काढायचं, उकळायचं, वाळवायचं आणि कुटायचं, कुटताना डोळे सांभाळा कारण कपच्या उडतात. घाटावर, विदर्भात, मराठवाड्यात राहणाऱ्यांनी सरळ पोल्ट्री खाद्याच्या दुकानातून शेल ग्रिट आणावं. ते महाग नसतं, आणि टरफलं त्याच्यात मिसळून दिली तर एक पिशवी खूप दिवस पुरते. तिसरा मार्ग म्हणजे बाहेरची टरफलं गोळा करणं, शेजारी, नातेवाईक, कोपऱ्यावरची अंडाभुर्जीची गाडी, बेकरी. भुर्जीच्या गाडीवर एका संध्याकाळी एवढी टरफलं निघतात की तुमच्या दहा कोंबड्यांचं आठवड्याचं काम होईल.

पण बाहेरचं टरफल आणलं की एक जोखीम पण घरात येते, ती कळलीच पाहिजे. ते दुसऱ्याच कुठल्या तरी फार्मवरच्या कोंबडीचं असतं, बाहेरून विष्ठा लागलेली असू शकते, आतून पांढऱ्याचा ओला थर असतो, आणि साल्मोनेलासारखे जंतू, मानमोडीचा म्हणजे राणीखेतचा विषाणू, असलं काहीही त्यातून तुमच्या खुराड्यात येऊ शकतं. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला होता आणि तेव्हा परिसरातल्या कोंबड्या सरसकट माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाल्यांचं आणि घरात चार कोंबड्या असलेल्यांचं सारखंच नुकसान झालं. म्हणून कच्ची टरफलं कधीच घालायची नाहीत. घरची असली तरी नाही. आणि पिल्लं निघाल्यावर उरलेली टरफलं, किंवा हॅचरीतली टरफलं, ही तर अजिबात वापरायची नाहीत, ती लांब नेऊन पुरायची. आजूबाजूला कोंबड्यांमध्ये मर लागलीय असं कानावर आलं तर त्या दिवसांत बाहेरची टरफलं आणणंच बंद ठेवायचं.

तापवणं काही अवघड नाही. टरफलात चिकटलेलं पांढरं निघेल एवढं धुवून घ्या, मग पातेल्यात पाणी चांगलं खळखळ उकळून त्यात दहा मिनिटं ठेवा, गाळून कडक उन्हात पसरा. वाळली की लोखंडी कढईत किंवा तव्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं हलवत राहा, बोटानं दाबल्यावर कुरकुरीत तुटली पाहिजेत. ओव्हन असेल तर १२० अंशावर तेवढाच वेळ. उकडलेल्या अंड्याची टरफलं परत उकळायची गरज नाही, पण वाळवून तव्यावर एकदा फिरवून घ्यावीत कारण सोलल्यावर ती ओली तशीच डब्यात पडलेली असतात. आतला पातळ पापुद्रा काढत बसू नका, तो प्रोटीनचा आहे, कोंबडी खाते, फक्त तो ओला राहिला की घाण वास मारतो आणि बुरशी येते. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा उन्हाची पायरी सोडा आणि तव्यावर जास्त वेळ द्या, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणी उघडल्यावर कुबट वास आला तर ते टरफल झाडांना घाला, कोंबडीला नको.

तापवल्यानं कॅल्शियम "मरतं" का, असं बरेच जण विचारतात. नाही. कॅल्शियम कार्बोनेट मोडायला ८०० अंशाच्या वर तापमान लागतं, तुमचा गॅस-तवा तिथपर्यंत जात नाही. पण चुलीच्या धगधगत्या निखाऱ्यात मात्र टाकू नका. तिथं ती जळून काळी होतात, आणि फारच तापली तर त्याचा कळीचा चुना व्हायला लागतो, आणि कळीचा चुना काय किंवा पानाला लावतो तो ओला चुना काय, दोन्ही दाहक असतात, तोंड आणि अन्ननलिका भाजते. गावाकडे कोणी कोणी पाण्यात चुना टाकून कोंबड्यांना पाजतात, अंदाजपंचे, बोटाला येईल तेवढा. मी म्हणेन नको, जेव्हा टरफलासारखी निर्धोक गोष्ट घरात फुकट आहे तेव्हा तो खेळ कशाला.

आता आकार. इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात कारण मिक्सर हाताशी असतो. मिक्सरमधून मैद्यासारखी पावडर काढली की दिसायला छान वाटतं, पण ती पोटातून भराभर पुढं सरकते आणि संध्याकाळी खाल्लेली पावडर मध्यरात्रीपर्यंत संपलेली असते. तुकडे मात्र कोंबडीच्या पेट्यात, म्हणजे चिकनवाल्याकडून आपण कलेजी-पेटा आणतो त्यातला पेटा, तिथं अडकून राहतात आणि पोटातल्या आम्लानं हळूहळू विरघळत रात्रभर कॅल्शियम सोडत राहतात, नेमकं जेव्हा टरफल चढायचं काम चालू असतं तेव्हाच. तुकडा २ ते ४ मिलिमीटरचा हवा, म्हणजे बाजरीच्या दाण्यापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत. कापडी पिशवीत घालून वरून लाटणं फिरवलं किंवा खलबत्त्यात चार ठोके दिले की बरोबर तो आकार येतो. खाली थोडी भुकटी पडतेच, ती ओल्या खाद्यात कालवून द्या, वाया नाही जात. विरघळतं म्हणजे कसं ते मुलांना दाखवायचं असेल तर वाटीत लिंबाचा रस घेऊन त्यात टरफलाचा तुकडा टाका, लगेच बुडबुडे सुटतात, तो कार्बन डायऑक्साइड. कोंबडीच्या पोटात पण तसंच होतं, फक्त तिथलं आम्ल वेगळं आणि जास्त कडक असतं.

याच कारणानं टरफल म्हणजे खडे नव्हेत हेही लक्षात ठेवा. कोंबडीला दात नाहीत, पेट्यात खडे असतात त्यांनी ती दाणा दळते. टरफल विरघळून जातं, ते दळायचं काम फार वेळ करू शकत नाही. मोकळी कोंबडी खडे स्वतः शोधते, कोंडलेल्या कोंबडीला बारीक कच वेगळी ठेवायला लागते.

वेळ कुठली ते आता सांगायला नकोच खरं तर. दुपारनंतर, चार-पाचच्या सुमाराला, खुराड्यात जायच्या आधी. आणि खाद्यात मिसळून नाही, वेगळ्या वाटीत. कोंबडीला स्वतःला कळतं तिला किती हवंय, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. जिचं अंडं पोटात तयार होतंय ती संध्याकाळी वाटीकडे जाऊन टिपते, जी खुडूक बसलीय किंवा जिची पिसं झडतायत ती ढुंकून बघत नाही, कोंबडा तर सहसा तोंडच लावत नाही. खाद्यात मिसळलं की ही निवड तिच्या हातातून जाते, नको असलेल्यालाही खावं लागतं आणि हवं असलेल्याला पुरत नाही. मोजून द्यायची गरज नाही, पण अंदाज हवा असेल तर धान्यावरच्या, रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला साधारण १० ग्रॅम म्हणजे दोन टरफलं, अर्ध खाद्य अर्ध धान्य असेल तर त्याच्या निम्मं.

पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र हे द्यायचं नाही. हे मी ठासून सांगतेय कारण लोकांना वाटतं वाढतं वय आहे, हाडं मजबूत होतील, घाला थोडं जास्त. लहान पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास असतं आणि तेवढंच त्यांना लागतं. त्यांना महिनोनमहिने लेयर मॅश किंवा टरफलं चारली तर जादाचं कॅल्शियम बाहेर टाकता टाकता मूत्रपिंडं खराब होतात, युरिक आम्ल साठून आतल्या अवयवांवर पांढरा खडूसारखा थर चढतो, आणि पक्षी वाढून अंड्यावर यायच्या सुमाराला मरतो, तेव्हा कारण कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळे एकाच खुराड्यात असतील तर टरफलाची वाटी पिल्लांची चोच पोचणार नाही एवढ्या उंचीवर टांगा. तलंगेचा तुरा लाल भडक व्हायला लागला, ती कोपरे शोधत घुटमळायला लागली, की मग तिच्यासाठी सुरू करायचं.

टरफलं घातली तर कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात, ही भीती गावोगाव आहे. त्यात तथ्य एवढंच की अर्ध अंडं दिसेल असं मोठं, आत पांढरं चिकटलेलं टरफल टाकलं तर ते तिला अंड्यासारखंच दिसतं आणि लागतं. तापवून, वाळवून, बारीक केलेल्या चुऱ्याचा अंड्याशी काही संबंध तिला लागत नाही. उलट अंडी खायची सवय बऱ्याचदा पातळ टरफलामुळेच लागते, खुराड्यात अंडं आपोआप फुटतं, कोंबडी चाखते, आवडतं. ते टाळायचं तर अंड्याच्या जागी भरपूर भुसा-गवत घाला, जागा जरा अंधारी ठेवा आणि अंडी वेळच्या वेळी उचला.

एवढं सगळं करूनही टरफल पातळच येतंय असं झालं तर कॅल्शियम वाढवत सुटू नका, दुसरीकडे बघा. कॅल्शियम आतड्यातून रक्तात जायला व्हिटॅमिन डी लागतं आणि ते डी३ च लागतं, पक्ष्यांना डी२ चा फारसा उपयोग होत नाही. मोकळ्या उन्हात फिरणारी कोंबडी ते स्वतः बनवते. शहरात फ्लॅटच्या बंद गॅलरीत कोंबड्या ठेवणारे पण आता बरेच आहेत, तिथं ऊन काचेतून येतं आणि डी३ बनवायला लागणारे किरण काचेतून आत येत नाहीत, म्हणून तिथं खाद्यातून डी३ मिळायला हवं. दुसरं म्हणजे फॉस्फरस. हाडात कॅल्शियमच्या जोडीला तो लागतोच, आणि धान्यातल्या फॉस्फरसचा मोठा भाग अशा रूपात बांधलेला असतो की कोंबडीला तो मिळत नाही. किडे-मुंग्या खाणाऱ्या कोंबडीला अडचण येत नाही, इतरांना थोडी सुकट चालते, पण धुवून मीठ काढूनच, कोंबडीला जादा मीठ विषासारखं लागतं.

आणि उन्हाळा. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा भरपूर टरफल खाणाऱ्या कोंबडीची पण अंडी पातळ टरफलाची येतात, त्याचं कारण कॅल्शियम कमी हे नसतं. टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यातला कार्बोनेटचा भाग येतो रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमधून. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकून अंग थंड करते आणि त्या धापेतून कार्बन डायऑक्साइड भसाभस बाहेर जातो, मग टरफलाला लागणारी दुसरी अर्धी सामग्रीच कमी पडते. वर खाणंही कमी होतं. तेव्हा वाटीत टरफल वाढवून उपयोग नाही, सावली, ओलं पोतं, माठातलं गार पाणी, आणि दाणा पहाटे आणि संध्याकाळी, हे करायचं.

म्हाताऱ्या कोंबडीचं अंडं मोठं होत जातं पण टरफलाचा माल तेवढाच राहतो, म्हणून ते पातळ पसरतं, त्याला इलाज नाही. नव्या तलंगेची पहिली दोन-चार अंडी मऊ आली तरी घाबरायचं कारण नाही. पण चांगली अंडी देणाऱ्या सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम मऊ, वेडीवाकडी किंवा सुरकुतलेली यायला लागली, सोबत घशात घरघर, शिंका, हिरवट हगवण, मान वाकडी असं काही दिसलं, तर तो रोग आहे, टरफलाच्या वाटीनं तो बरा होणार नाही, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

फरक पडतोय की नाही हे नुसतं हातानं चाचपून कळत नाही, त्यासाठी किचनमधला डिजिटल काटा वापरा. अंडं आधी अख्खं वजन करा, मग फोडून टरफल धुवून पूर्ण वाळवून त्याचं वजन करा. टरफल अंड्याच्या वजनाच्या ९-१० टक्के भरलं तर उत्तम, ८ च्या खाली गेलं तर पातळ समजा. एकाच अंड्यावरून ठरवू नका, एकाच कोंबडीची चार-पाच अंडी घेऊन सरासरी काढा, टरफलं किंवा शिंपला सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत करा, आणि आकडे खुराड्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा म्हणजे घरात जो कोणी दाणा टाकायला जाईल त्याला दिसतील.